तबकडीवाल्यांनो, पंचनामा बाकी आहे

प्रति,
परग्रहवासीयांचा हल्ला दाखवणाऱ्या त्या सिनेमाचे निर्माते, दिग्दर्शक आणि त्याला हिंदी आवाज देणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

सिनेमाचं नाव लिहीत नाही. एक तर मूळ इंग्रजी नाव वेगळं, हिंदीतलं वेगळं आणि यूट्यूबवरच्या चित्रावर तिसरंच. दुसरं म्हणजे नाव लिहिलं की चार लोक मुद्दाम शोधून बघतील, ते पाप माझ्या माथी नको. तुम्ही तुमचं लेकरू ओळखालच. मक्याचं शेत, तीन तबकड्या, सहा सैनिक आणि अख्खं शहर बेचिराख झालं तरी ज्याच्या चष्म्यावर धुळीचा कण बसत नाही असा एक शास्त्रज्ञ.

मराठी येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. तुमचं हिंदी आम्ही तसंच पदरात घेतलं.

आधी हे सांगतो की तुमचा सिनेमा आमच्या गावात तीनेकशे माणसांनी एकाच रात्री कसा काय पाहिला. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात. दिवाळी झाली की इकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. झाडीपट्टी म्हणजे आमचा हा पूर्व विदर्भाचा जंगलपट्टा, आणि इथलं नाटक म्हणजे दोन तासांचं काम नव्हे. रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटे कोंबडं आरवेपर्यंत. नाटक कंपन्या बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या. यंदा आमच्याकडं येणाऱ्या कंपनीची गाडी वाटेतच बसली. नऊ वाजता फोन आला, एक्सल तुटला म्हणून. तोवर मंडपात तणस पसरून, चादरी घेऊन, लेकरं कुशीत घेऊन लोक बसलेले. कमिटीनं तिकिटाचे पैसे परत केले, तरी कुणी उठेना. उठून जाणार कुठं? मंडईला घरोघरी इतके पाहुणे असतात की घरात आडवं व्हायला जागा नसते. अर्धे पाहुणे नाटकाच्या भरवशावरच रात्र काढायला आलेले असतात.

मग लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका पोरानं प्रोजेक्टर आणला, मंडपवाल्यानं पांढरं कापड ताणलं आणि पोट्ट्यांनी मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून तुमचा सिनेमा लावला. का लावला? तर त्यांनी पाहिलेल्या चित्रात तबकडीतून निळा उजेड पडत होता. तो उजेड सिनेमात शेवटपर्यंत आला नाही, ही पोट्ट्यांची पहिली तक्रार. ती इथंच नोंदवून मोकळा होतो.

आता माझी ओळख. मी बारा हंगाम झाडीपट्टीत प्रॉम्प्टर होतो. सध्या दोन एकर धान आणि एक दुखता गुडघा एवढी इस्टेट आहे. तुमच्या मुलखात प्रॉम्प्टर म्हणजे काय समजतात ठाऊक नाही. आमच्याकडं नट रोज वेगळ्या गावात, रोज वेगळं नाटक करतो. त्याला पाठ करायला वेळ कुठला? म्हणून एक माणूस स्टेजच्या पुढ्यात वही घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य आधी बोलतो. नट ते झेलतो, त्यात जीव ओततो आणि लोकांपुढं टाकतो. पहिल्या रांगेला माझा आवाज ऐकू येतो, सगळ्यांना ठाऊक असतं, तरी आई मेली की अख्खा मंडप हुंदके देतो. तेव्हा खोट्यातून खरं कसं निघतं हे मी फार जवळून, म्हणजे नटाच्या पायाच्या अंगठ्याइतक्या अंतरावरून, पाहिलेलं आहे.

म्हणून सांगतो, तुमचा सिनेमा स्वस्तातला आहे ही आमची तक्रारच नाही. स्वस्ताचं आम्हाला कौतुक आहे. आमच्याकडं वीज पडायची असते तेव्हा लाइटवाला दिवे लपकावतो आणि ऑक्टोपॅडवाला गडगडाट करतो. एका नाटकात ऑक्टोपॅडवाल्याला डुलकी लागली होती. दिवे लपकले, आवाज काही नाही. मी वहीत बघतो तर पुढचं वाक्य 'अरे, केवढा हा गडगडाट!' नट थांबला. तेवढ्यात कुणीतरी ऑक्टोपॅडवाल्याला ढोसलं आणि चार सेकंदांनी ढगफुटी झाल्यासारखा आवाज आला. नट वर बघून म्हणाला, "उजेड आधी पोचते अना आवाज मागून येते, मास्तर खोटं नोते सांगत!" टाळ्या. वहीत नसलेलं वाक्य, पण त्या हंगामात प्रत्येक प्रयोगात राहिलं. ऑक्टोपॅडवाल्याला मग मुद्दाम उशीर करावा लागे.

तुमच्या सिनेमात तबकडी तीन कोसांवर फुटते आणि धमाका त्याच क्षणाला कानात. आमच्या मंडपात यावर कुणीतरी नुसतं "डुलकी नाई लागली याले" म्हणालं आणि जुन्या लोकांना ते कळलं.

तर सुरुवातीपासून येतो. सुरुवातीला तुमचा शेतकरी सकाळी उठतो, वरून शेत दिसतं आणि उभ्या मक्यात हे भलंमोठं गोल रिंगण. संगीत एकदम गंभीर. शेतकऱ्याच्या तोंडचा घास गळतो. आमच्याकडं मागच्या रांगेतून आवाज आला, "तुडतुडा लागला बे!"

सगळा मंडप लोळला. तुम्हाला हसू येणार नाही, म्हणून समजावून सांगतो. आमचा भाग धानाचा. तपकिरी तुडतुडा हा तिळाएवढा किडा धानाच्या बुडाशी बसून रस पितो. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून बघाल तर बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, हिरवीगार. एक दिवस मध्येच एक चट्टा पिवळा पडतो, मग तपकिरी, आणि तो चट्टा गोल असतो. कुणी तापलेली परात ठेवून उचलावी तसा. आठ दिवसांत परातीचं खळं होतं. ज्याच्या बांधीत हे होतं त्याच्याही तोंडचा घास गळतो, पण तो आभाळाकडं बघत नाही. खाली वाकून बुंधे फाकवून बघतो. तुमचा शेतकरी पाच मिनिटं आभाळाकडंच बघत होता. त्यानं एकदाही वाकून ताटाला हात लावला नाही. आमच्या लोकांनी तिथंच ठरवलं की हा माणूस शेतकरी नाही, कपडे तेवढे घातलेत.

त्या रिंगणांचं म्हणाल तर तुमच्याच बाजूच्या लोकांनी त्याचा निकाल लावलेला आहे. इंग्लंडातल्या डग बॉवर आणि डेव्ह चोर्ली या दोन म्हाताऱ्यांनी १९९१ मध्ये कबूल केलं की ही रिंगणं आम्ही रात्री फळी आणि दोरी घेऊन पाडत होतो. मी हे मंडपात शेजारच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "धान तुडवून टाकलं अना कोनी मारलं नाई त्याईले?" मला याचं उत्तर देता आलं नाही.

मग ती गाय. तबकडी गोठ्यावरून जाते तेव्हा एक काळी-पांढरी गाय मान वळवते. पुढं शाळेपाशी हल्ला होतो तिथंही ती मान वळवते. शेवटी सैन्याच्या तळाजवळही तीच. आमच्या गावची गुरं राखणारा माणूस पुढंच बसला होता. हा माणूस शंभर जनावरांतून एक चुकलेलं वासरू चालीवरून ओळखतो. तो म्हणाला, "तीच गाय तीन येळा आली. कानावरची माशीबी तीच." आम्ही मागं नेऊन पाहिलं. माशी तीच होती.

मध्ये मध्ये टॉवर जाई आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राही. एकदा चांगलं दोन मिनिटं फिरलं. काळ्या आभाळात पांढरं, आवाज नाही, काही नाही, नुसतं फिरतंय. माझ्या मांडीजवळ एक पाच वर्षांची पोरगी बसली होती, ती आईला बिलगून म्हणाली, "माय, आलं." खरं सांगतो, अख्ख्या रात्रीत भीती वाटली ती तेवढीच.

इथं मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण माझं खरं म्हणणं इथं आहे.

तुमचा परग्रहवासी येण्याआधी ओरडतो. दर वेळी. भिंतीआड असला तरी आधी गुरगुर, मग डरकाळी, मग दरवाजा फोडून आत. त्याला शिकार धरायची आहे की पाहुणा म्हणून यायचंय हेच कळत नाही. आम्ही ब्रह्मपुरी वनविभागाच्या जंगलाला लागून राहतो. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला आणि पुढं तेंदूपत्त्याला बाया-माणसं पहाटे जंगलात जातात आणि दरवर्षी त्यातली काही परत येत नाहीत. आमचा वाघ ओरडून येत नाही.

माझ्या घराशेजारच्या काकूंनी सांगितलेलं सांगतो. त्या मोहाखाली बसून फुलं वेचत होत्या. मोहफूल पिवळसर, रसानं फुगलेलं, बोटांना चिकटतं. मान खाली, हात चालू. केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं की पाखरांचा आवाज बंद झालाय. कधीपासून बंद झाला ते कळलं नाही. त्यांनी मान वर केली तर वीस-पंचवीस हातांवर तो बसलेला. उभा नव्हे, बसलेला. त्यांच्याकडंच बघत होता आणि बहुतेक मघापासून बघत होता. काकू पाठ न दाखवता उठल्या, एक एक पाऊल मागं सरत रस्त्यापर्यंत आल्या. टोपली तिथंच राहिली. त्या आजही म्हणतात, "त्यानं आवाज केला असता तं बरं झालं असतं."

त्या काकू त्या रात्री मंडपात होत्या. तुमचा हिरवा गडी तिसऱ्यांदा डरकाळी फोडून आला तेव्हा त्या पोलक्याच्या बाहीनं तोंड पुसत म्हणाल्या, "याले कोनी बी वाचून जाईल." आणि त्यांनी चादर डोक्यावरून घेतली, झोपल्या. तुमच्या सिनेमाबद्दल मला लिहायला लावलं ते या झोपेनं. ज्या बाईनं समोर बसलेलं मरण पाहिलंय, तिला तुम्ही झोप आणलीत.

पैसे कमी होते म्हणून असं झालं हे मी ऐकणार नाही. गप्प राहायला पैसे लागत नाहीत. उलट डरकाळीचा खर्च वाचला असता.

बरं, हे लोक येतात कशासाठी? हे कळायला दीड तास लागला. त्यांचा म्होरक्या, ज्याच्या मानेजवळ झिप दिसते, हिंदीत म्हणतो, "हमें तुम्हारा पानी चाहिए." इतक्या वेळ गप्प असलेली एक म्हातारी बोलली, "इतल्या दुरून पान्यासाठी? वाटेत कोठीच नाई भेटलं?"

म्हातारी शाळेत गेलेली नाही, पण तिनं तुमची कथा एका वाक्यात आडवी केली. गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर बर्फाच्या कवचाखाली समुद्र आहे आणि त्यात पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या साधारण दुप्पट पाणी असावं असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शनीची कडी बहुतांशी पाण्याच्याच बर्फाची. शनीचा एन्सेलाडस हा चंद्र तर पाण्याचे फवारे बाहेर सोडतो. वाटेत एवढे पाणवठे टाकून तुमचे लोक येऊन उतरले कुठं, तर वाळवंटाच्या कडेच्या गावात. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यानं घागर घेऊन जैसलमेरला जाण्यासारखं आहे हे.

आणि आले तरी कुठून? सूर्य सोडला तर सगळ्यांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. माणसानं १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटरच्या वेगानं पळतंय, तरी तेवढं अंतर कापायला त्याला ७० हजार वर्षांहून जास्त लागतील. ज्यांनी एवढी वाट तुडवली त्यांना तुमच्या हिरोच्या गोठ्याचा पत्र्याचा दरवाजा उघडता येत नाही. कडी बाहेरून होती, हे सगळ्या मंडपाला दिसत होतं.

पाणी ओढायचा सीन मात्र लोकांनी टक लावून पाहिला. तबकडी वरून एक नळी सोडते आणि तलाव दोन मिनिटांत कोरडा. आमच्याकडं गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि त्याच्या कालव्यांची कामं पुढं दशकानुदशके चालली. त्यामुळं नळी बघून एका आजोबांनी अगदी मनापासून विचारलं, "यांचा ठेकेदार कोन होय गा?"

हल्लेखोर कसा असतो हे विचारायचं तर आम्हाला विचारा. आमच्या शेतात आलेला एकही हल्लेखोर कधी मोठा नव्हता. गाजरगवत परदेशी गव्हातून आलं असं म्हणतात आणि ते १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं. आज आमच्या शाळेच्या भिंतीपर्यंत आहे. मक्यावरची लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली. आपल्या देशात ती २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यात पोचली. म्हणजे बघा, तुमच्या मक्यात तबकडी उतरली आणि आमच्या मक्यात तुमच्याकडची अळी. कुणाचा सिनेमा जास्त खरा? २०२५ मध्ये गेलेले आपले जयंत नारळीकर सर आणि त्यांचे सहकारी वरून काही येतं का हे बघत होते, तेव्हा त्यांनी तबकड्या शोधल्या नाहीत. २००१ मध्ये हैदराबादेहून फुगा सोडला, तो ४१ किलोमीटरपर्यंत चढवला आणि तिथल्या हवेत जिवाणू सापडतात का ते पाहिलं. मला विचाराल तर या फुग्याच्या गोष्टीत तुमच्या तीन तबकड्यांपेक्षा जास्त धडधड आहे. बाटलीत काय येईल ते ठाऊक नाही आणि जे येईल ते डोळ्यांना दिसणार नाही.

आता तुमच्या गर्दीबद्दल. तबकडी दिसली की तुमचे लोक किंचाळत पळतात. गाड्या सोडून पळतात, लेकरं सोडून पळतात, एक माणूस तर हातातला पिझ्झा घेऊन पळतो. आम्ही इथं गप्प बसू शकलो नाही, कारण या बाबतीत आमच्या तालुक्याला अनुभव आहे.

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला आभाळातून जळत्या रेघा गेल्या. एकामागं एक, सरळ, विमानापेक्षा हळू नाही आणि तुटत्या ताऱ्यापेक्षा घाईत नाही. मी अंगणात होतो, नुकतीच गुढी उतरवलेली, कडुनिंबाची डहाळी हातात. नागपूरपासून अकोल्यापर्यंत लोकांनी ते पाहिलं. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान पडलं, कुणी युद्ध सुरू झालं म्हणे. आणि आमच्याच तालुक्यात लाडबोरीला आभाळातून एक धातूचं कडं पडलं. जवळजवळ तीन मीटर व्यासाचं, वजन चाळीसेक किलो. नंतर आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले.

कोण पळालं? कोणी नाही. मोटरसायकली निघाल्या त्या लाडबोरीच्या दिशेनं. एकेका गाडीवर तिघं. आमच्या गावातून ज्या निघाल्या त्यात मीही होतो, मागच्या सीटवर, डहाळी अजून हातात. तिथं पोचतो तर जत्रा. कुणी फोटो काढतंय, कुणी हात लावून बघू का विचारतंय, कुणी त्याला ओरडतंय. "भंगारात काय भाव जाईल?" हा प्रश्न मी स्वतःच्या कानानं ऐकला. पोलीस आले, कडं ठाण्यात गेलं, पुढं इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. जोनाथन मॅकडॉवेल नावाच्या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा खाली आला, त्याचे हे तुकडे असावेत.

असं होतं, साहेब. आभाळातून काही पडलं की माणूस आधी बघायला जातो. भीती नंतर, घरी आल्यावर, अंथरुणात वाटते. चाळीस किलोचं ते कडं शंभर हात अलीकडं पडलं असतं तर, असं मनात येतं तेव्हा. मला त्या रात्री झोप लागली नव्हती. तुमच्या सिनेमात बघायला जाणारा एकही माणूस नाही आणि अंथरुणात जागा असलेलाही नाही.

आणि पंचनामा? अख्खं गाव बसलं, तीन शेतं जळाली, एक पाण्याची टाकी कोसळली, पण दुसऱ्या दिवशी कुणी कागद-पेन घेऊन आलं नाही. आमच्याकडं गारपीट झाली तरी पहिला प्रश्न पंचनाम्याचा असतो, तबकडीला कसा नसेल? मंडपात यावर मोठी चर्चा झाली, तोवर पडद्यावर हिरो-हिरोइनीचं काहीतरी चालू होतं, ते कुणी पाहिलं नाही. एकाचं म्हणणं, नैसर्गिक आपत्तीत बसवावं लागेल. दुसऱ्याचं, वन्यप्राण्यात बसेल. माझ्या माहितीत १९७२चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. अवकाशातून पडलेल्या वस्तूनं जमिनीवर नुकसान केलं तर ती वस्तू सोडणाऱ्या देशानं भरपाई द्यायची. १९७८ मध्ये रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा, कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडानं भांडून ३० लाख कॅनेडियन डॉलर घेतले. हे मी सांगितलं तर प्रश्न आला, "तबकडीवाल्याचा देश कोनता लिवाचा अर्जात?" यावरच एक सिनेमा होईल. हवी तर ही कल्पना फुकट घ्या.

लॅपटॉपचं थोडक्यात सांगतो. शास्त्रज्ञ शेवटी तबकडीच्या भिंतीत पेनड्राइव्ह खुपसतो, एक बटण दाबतो आणि सगळ्या तबकड्या पडतात. आमच्याकडं रेशनच्या मशीनला सत्तर वर्षांच्या बाईचा अंगठा ओळखता येत नाही. आयुष्यभर धानाचं रोवणं करून तिच्या बोटांच्या रेघा झिजल्या आहेत. आणि परग्रहाच्या मशीननं तुमचा पेनड्राइव्ह पहिल्याच दणक्याला ओळखला. बायका सगळ्यांत जास्त हसल्या त्या इथं.

हिंदी आवाज देणाऱ्या मंडळींसाठी एक व्यवसायबंधू म्हणून सांगतो. ओठ थांबले तरी वाक्य चालू आहे, हे आम्ही समजून घेतो. माझ्याही नटांचं उलटं व्हायचं, वाक्य संपायचं आणि ओठ चालू राहायचे. पण नवरा मेल्यावर ती बाई आठ वेळा "हे भगवान" म्हणते आणि आठही वेळा आवाज एकच आहे, एकदा म्हणून घेऊन आठदा चिकटवलेला. गायीचं चाललं असतं. बाईचं नाही चालत.

सगळं वाईट होतं असंही लिहिणार नाही. एक जागा होती. म्हातारा शेजारी एकटाच घरात बसलाय, सगळे गाव सोडून गेलेत, तो कुत्र्यापुढं आपलं अर्धं ताट सरकवतो आणि रेडिओची कळ फिरवत राहतो. नुसती खरखर. तो प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबतो, ऐकतो, पुढं फिरवतो. तबकडी नाही, डरकाळी नाही. तीनशे माणसं गप्प होती. एक लेकरू रडायला लागलं तर त्याच्या आईनं त्याला बाहेर नेलं, नाटकात नेतात तसं. तो म्हातारा कोण नट आहे मला ठाऊक नाही. त्याला झाडीतल्या एका प्रॉम्प्टरचा नमस्कार सांगा. अडीच मिनिटांनी तुम्ही त्याला छप्पर फोडून मारलंत.

पहाटे तीनला सिनेमा संपला. लोक तणसावरच आडवे झाले. कंपनीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि नाटक त्या रात्री झालं. त्याबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही, फक्त काकू शेवटपर्यंत जाग्या होत्या.

हे पत्र लिहायचं मी टाळत होतो. भारी धानाची कापणी चालू होती, कापलेल्या धानाच्या कडपा जमिनीवर आणि आभाळ भरलेलं, अशात सिनेमावर कोण लिहितो? पण चार दिवसांपूर्वी संध्याकाळी मी शेतातून येत होतो. अंधार पडला नव्हता, पडायचा होता. हातपंपाजवळ वळलो आणि मला उगाच वाटलं की कुणीतरी मागं आहे. चप्पल वाजली नाही, काही नाही. वळून पाहिलं तर पाच हातांवर माणसाच्या अंगावर बांबूची टोपली. पार खांद्यापर्यंत उतरलेली, आत कुठंतरी दिवा आणि विणीच्या प्रत्येक भोकातून उजेडाचा ठिपका. ती टोपली हलत नव्हती. माझ्याकडं तोंड करून नुसती उभी होती.

मी ओरडलो. माझ्या हातातला विळा पडला.

टोपली वर झाली. आत शेजारचं आठ वर्षांचं पोट्टं, दातात बापाचा मोबाइल धरलेला, टॉर्च चालू. मोबाइल काढून म्हणालं, "काका, तो सिनेमावाला ओरडत होता ना, मी नाई ओरडलो."

आपला,
एक जुना प्रॉम्प्टर
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर